टेप टिकेल हो, पण वाचणार कशावर?

फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही युजर्सनी मेल उघडला आणि इनबॉक्स चक्क रिकामा! गुगलच्या हिशेबाने हे लोक जेमतेम ०.०२ टक्के. पण ज्याचा गेला त्याचा शंभर टक्के गेला ना. मेलच्या कॉपीज वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या, सॉफ्टवेअरमधल्या बगने त्याही उडवल्या. शेवटी मेल परत आले ते टेपवरून. हो, मॅग्नेटिक टेप. आजोबांच्या कॅसेटची चुलत बहीण.

मोठ्या ठिकाणी ही टेप कोणी हाताने घालत बसत नाही, त्यासाठी टेप लायब्ररी असते. कपाटाएवढ्या फ्रेम, आत खणांच्या रांगा, खणात तळहाताएवढी कार्ट्रिज आणि तिच्यात साधारण किलोमीटरभर टेप गुंडाळलेली. रोबोट बारकोड वाचतो, हवी ती कार्ट्रिज उचलतो आणि ड्राइव्हमध्ये घालतो. आयबीएमच्या काही फ्रेममध्ये एका खणात चार-पाच कार्ट्रिज एकामागे एक असतात. मागची हवी तर आधी पुढच्या काढा. माळ्यावरचा डबा काढताना आईची होते तीच कसरत!

नीट ठेवली तर टेप तीस वर्षं टिकते, असं कंपन्या सांगतात. टिकू दे. माझं भांडण ड्राइव्हशी आहे. एलटीओ हा सगळ्यात जास्त चालणारा प्रकार. पहिली पिढी २००० मध्ये आली, १०० जीबीची. सातव्या पिढीपर्यंत ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचायचा. २०१७ मध्ये आठवी आली, ती फक्त सातवीच्या वाचते. नववीही एकच पाऊल मागे जाते. आणि २०२५ ची दहावी मागचं काहीच वाचत नाही. दोन, एक, शून्य.

खरेदी करताना मात्र सगळे बघतात टीबी. नवव्या पिढीच्या जाहिरातीत ४५ टीबी झळकतात, खरी जागा १८. बाकीची, डेटा दाबून बसवता आला तर. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, तो आणखी किती दबणार? आठवीच्या वेळी तर भारी जुगाड निघाला होता: सातवीची कोरी टेप आठवीच्या ड्राइव्हमध्ये खास फॉरमॅट केली की ६ ऐवजी ९ टीबी मावायचे. पण मग ती टेप सातवीचा ड्राइव्ह वाचत नाही आणि नववीचाही नाही. जास्तीच्या ३ टीबीपायी टेप एकाच पिढीला बांधली गेली.

म्हणाल, जुने ड्राइव्ह त्याच लायब्ररीत ठेवा की! ठेवता येतात. बारकोडच्या शेवटच्या दोन अक्षरांवरून टेप कुठल्या पिढीची ते कळतं. पण ड्राइव्ह झिजतात आणि सुटे भाग एक दिवस मिळेनासे होतात. नासाच्या लूनार ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये चंद्राचे फोटो काढले. टेप शाबूत राहिल्या. पंचाईत झाली ती त्या वाचणाऱ्या अँपेक्सच्या अवाढव्य ड्राइव्हची. नॅन्सी इव्हान्स या बाईंनी ते आपल्या गॅरेजमध्ये जपले, म्हणून २००८ मध्ये एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्समध्ये दुरुस्त करून फोटो परत मिळवता आले. एका बाईच्या गॅरेजवर चंद्र अवलंबून!

तेव्हा इंटर्नशिपला गेलात आणि कोणी ऐटीत 'आमचा सगळा बॅकअप आहे' म्हणालं, तर विचारा. टेप कुठल्या पिढीची? ती वाचणारे ड्राइव्ह किती? शेवटचं रिस्टोअर करून कधी बघितलं? आणि नव्या पिढीवर कॉपी करायचे पैसे कुठल्या वर्षाच्या बजेटमध्ये धरलेत? हे फक्त कम्प्युटरवाल्यांनी नाही, इतिहासवाल्यांनीही विचारा. चौथ्या प्रश्नाला बहुतेक चहा मागवला जाईल. चहा प्या आणि प्रश्न पुन्हा विचारा.