आधी भारमान, मग डॅशबोर्ड

कंपनीत रिपोर्टिंगचं प्रोजेक्ट आलं की पहिली मीटिंग कशावर? सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर! आकड्याचा अर्थ काय, असं विचारणारा खडूस ठरतो.

उदाहरण हवं तर मंडळी, आमच्या खोपटच्या एसटी स्टँडवर या. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, बाकीचे पैसे सरकार महामंडळाला देणार. म्हणजे ४४ सीटांवर ४४ बायका बसल्या तरी कंडक्टरच्या बॅगेत जेमतेम २२ पुऱ्या तिकिटांचे पैसे. पंचाहत्तरीपुढचे आजी-आजोबा तर २०२२ पासून फुकटच. निव्वळ रोख जमेवरून भारमान काढणारा रिपोर्ट ही गच्च गाडी अर्धी रिकामी दाखवणार, आणि साहेब रंगीत आलेख बघून फेरी बंद करणार!

प्रवासी मोजायचे की पैसे, हे धंदा चालवणाऱ्यांनी ठरवायचं. आमच्या क्लायंटांकडे ते ठरवतो कोण? रात्री अकराला क्वेरी लिहिणारा ज्युनियर (तोही कोणाला न विचारता). मग सेल्सचा आकडा वेगळा, अकाउंट्सचा वेगळा, आणि शिव्या सॉफ्टवेअरला.

लायसन्सची किंमत नंतर सांगा हो. तुमचं 'भारमान' म्हणजे काय, ते आधी एका कागदावर लिहा आणि खाली सही करा.