पंप वाढवून समुद्र जवळ येत नाही

आधीच सांगतो, ही पोस्ट नाखवांना आवडणार नाही, मशीनच्या मेकॅनिकना आवडणार नाही आणि मत्स्यव्यवसाय खात्याला तर अजिबात नाही. तरी लिहितो. कारण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, वेसाव्यात बोटी वर काढल्या जातात, मशीनची कामं निघतात आणि त्या दोन महिन्यांत जो उद्योग चालतो त्याची किंमत पुढचे दहा महिने खलाशी मोजतो.

जे कोळीवाड्यात राहत नाहीत त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. वर्सोव्याच्या बंदरात उभ्या असलेल्या बहुतेक मोठ्या बोटींच्या पोटात जे मशीन आहे, ते जातीने ट्रकचं. लेलँडचं चार किंवा सहा सिलिंडरचं. रेडिएटरच्या जागी समुद्राच्या पाण्याने थंड करायची सोय, ट्रकच्या गिअरबॉक्सच्या जागी बोटीचा गिअर, मागे पंखा, झाली बोट तयार. यात गैर काही नाही. मजबूत मशीन आहे, सुटे भाग गल्लीत मिळतात, दुरुस्ती येणारे हातही गावातच आहेत.

गडबड पुढे होते. मशीन ओढत नाही, शेजारच्याची बोट पुढे जाते, म्हणून नाखवा म्हणतो, "पंप वाढवून दे." पंप म्हणजे डिझेलचा इंजेक्शन पंप. प्रत्येक स्ट्रोकला सिलिंडरमध्ये जास्तीत जास्त किती डिझेल जायचं हे कंपनी ठरवते आणि त्या स्क्रूला सील मारते. आपल्याकडे सील तोडतात, स्क्रू फिरवतात, नाहीतर मोठ्या मशीनचा पंप आणून बसवतात. मशीन गुरगुरतं, धुराडं काळं ओकतं, सगळे खूष. "बघ, कसं ओढतंय!"

ओढतंय ते डिझेल ओढतंय, बाबांनो. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे. हवा पुरली नाही म्हणून न जळलेलं, तुमच्या पैशाचं डिझेल ते.

ट्रकमध्ये ही चलाखी थोडीफार खपून जाते. ट्रक कसारा घाट चढतो तेव्हा मशीनवर पूर्ण ताण येतो, मग उतार लागतो, सपाटी लागते, मशीनला श्वास मिळतो. बोटीला उतार नाही. जाळं ओढणारी बोट म्हणजे रात्रभर कसारा चढणारा ट्रक. म्हणूनच कंपन्या तेच मशीन बोटीसाठी देतात तेव्हा त्याची ताकद ट्रकपेक्षा कमी धरतात. कंपनीने विचार करून कमी केलेली ताकद आपण स्क्रू फिरवून परत वाढवतो आणि मग पिस्टन जळाला की कंपनीला शिव्या देतो.

आता हिशोब करू. आपल्या बोटींचा आकार पाणी कापत जाणारा आहे, पाण्यावर उडणाऱ्या स्पीडबोटीसारखा नाही. अशा बोटीचा वेग वाढवायचा तर लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. समजा 8 नॉटला तासाला 20 लिटर डिझेल लागतं. तर 9 नॉटला साधारण 28 लिटर लागणार. 120 अश्वशक्तीचं निरोगी मशीन पूर्ण ताणावर तासाला 22 ते 25 लिटर खातं. म्हणजे तो एक नॉट मिळवायला पंप वाढवावाच लागतो. आता 50 सागरी मैल जायचंय. 8 नॉटने सव्वासहा तास, 125 लिटर. 9 नॉटने साडेपाच तासांच्या थोडं वर, 158 लिटर. वाचली 42 मिनिटं, गेलं 33 लिटर. लिटरला 90 रुपये धरा, तीन हजार रुपये झाले. एका बाजूचे. परतीचे वेगळे.

यावर नाखवा काय म्हणणार ते मला माहीत आहे. "दादा, जो आधी बंदराला लागतो त्याला भाव मिळतो. तुमाला लिवायला काय जातंय?" बरोबर आहे, पहिल्या बोटीला भाव चांगला मिळतो. पण आपल्या खाडीत गाळ किती साचलाय ते तुम्हीच मला दाखवता ना? ओहोटी असेल तर 42 मिनिटं आधी येऊन खाडीच्या तोंडाशी पाण्याचीच वाट बघायची. तीन हजार जाळून नांगर टाकायचा. मागणी करायचीच तर गाळ काढायची करा, ती खरी वेळ वाचवेल.

दुसरं उत्तर असतं, मासे लांब गेले. हेही खरं. जवळचा समुद्र कोणी रिकामा केला? शहराचं सांडपाणी, प्लास्टिक, आणि प्रकाशझोतात मासे गोळा करून उपसणारे. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. राज्याने 1981 च्या मासेमारी नियमन कायद्यात 2021 मध्ये सुधारणा करून दंड वाढवला. तरी एलईडीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. तो लढा लढलाच पाहिजे. पण मासे लांब गेले म्हणून पंप वाढवणं म्हणजे विहीर आटली म्हणून मोटार मोठी बसवण्यासारखं आहे. पाणी वाढत नाही, फक्त बिल वाढतं.

इथवर पैशाचं बोललो. आता जिवाचं.

पंप वाढवला, लाईन तीच. हा सगळ्यात मोठा गुन्हा. पंप मोठा झाला की त्याला टाकीतून जास्त डिझेल लागतं. मधला पाईप जुन्या मापाचा, फिल्टर अर्धा चोंदलेला, जोडाला वायसर झिजलेला. पंप जोरात ओढतो, डिझेल पुरत नाही, मग जोडातून हवा ओढतो. हवा शिरली की मशीन बंद. रस्त्यावर ट्रक बंद पडला तर ड्रायव्हर बाजूला घेतो, लिफ्ट पंप मारून हवा काढतो. खवळलेल्या समुद्रात मशीन बंद पडलं की बोट आडवी होते, आणि आडव्या बोटीवर लाट कशी येते ते तांडेलाला विचारा.

त्याहून वाईट म्हणजे गळती. कित्येक बोटींत रिटर्नच्या लाईनला साधा रबरी पाईप असतो, क्लिपच्या जागी तार पिळलेली असते. खारी हवा, उष्णता, मशीनची थरथर. रबर कडक होतं, तडकतं. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पंपापासून नोझलपर्यंतच्या लाईनमध्ये प्रचंड दाब असतो. तिथे केसाएवढी चीर पडली तरी डिझेलचा फवारा उडतो आणि तो तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर पेटायला काडीची गरज नाही. मोठ्या व्यापारी जहाजांवर या दाबाच्या पाईपला बाहेरून दुसरं आवरण सक्तीचं आहे, ते याचसाठी. क्षितिजावर जी जहाजं दिसतात त्यांच्या खलाशाचा जीव मोलाचा आणि आपल्या खलाशाचा फुकटचा आहे का?

2025 च्या फेब्रुवारीअखेर अलिबागजवळ अक्षीच्या समुद्रात मच्छीमार नौका पेटली. खलाशी वाचले, नौका जळाली. त्या आगीचं कारण काहीही असो, लाकूड, जाळी आणि डिझेल एकत्र असलेल्या जागी पेट घेतल्यावर किती वेळ हातात राहतो ते सगळ्या किनाऱ्याने पाहिलं.

आता सरकारकडे वळतो. डिझेलवरच्या करात मच्छीमाराला सवलत आहे. आधी पूर्ण दराने घ्यायचं, मग परताव्याची वाट बघायची. परतावा थकतो, मोर्चे निघतात, आश्वासन मिळतं, थोडे पैसे येतात, पुन्हा थकतात. परतावा वेळेवर मिळालाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण या सवलतीचा पाया बघा. ती लिटरवर आहे. जास्त जाळा, जास्त परतावा. मशीन नीट ठेवणाऱ्याला, पंप मापात ठेवणाऱ्याला, लाईन बदलणाऱ्याला काय? काही नाही. उलट त्याने डिझेल वाचवलं म्हणून त्याचा परतावाच कमी!

आणि डिझेलचा दर तुमच्या हातात नाही हे मार्च 2022 मध्ये दिसलं. घाऊक डिझेल एका फटक्यात लिटरमागे 25 रुपयांनी वाढलं, मुंबईत 122 च्या वर गेलं. त्याच वेळी रस्त्यावरच्या पंपावर दर होता 94. मच्छीमार सोसायट्या घाऊक ग्राहकात मोजल्या गेल्या. दर दिल्लीत ठरतो. किती जाळायचं एवढंच आपण ठरवू शकतो.

एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. पेढे वाटले, फलक लागले. चांगलं झालं. मग त्या दर्जाचा अर्थ बंदरावर दिसू द्या. माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, बंदीच्या दोन महिन्यांत वर्सोव्यात खात्याने तपासणी शिबिर लावावं. पंप टेस्ट बेंचवर चढवून कंपनीच्या मापात आणून सील करून द्यावा. डिझेलच्या लाईन, जोड, फिल्टर तपासावेत. मोफत.

दोन, दाबाच्या लाईन, तेलाला टिकणारे पाईप आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर यांना अनुदान द्यावं. मोठ्या बोटींच्या योजनांपुढे हा खर्च किरकोळ आहे.

तीन, ज्याची तपासणी झाली त्याचा परतावा आधी निघावा. कोणाचा कापू नका, नीट वागणाऱ्याला रांगेत पुढे घ्या.

आणि नाखवांना माझी विनंती. मशीन खरंच लहान पडत असेल तर मोठं मशीन घ्या, त्याच्या मापाचा पंप, त्याच्या मापाची लाईन आणि त्याच्या मापाचा पंखा घ्या. पैसे नसतील तर पंखा साफ करा, बोटीच्या बुडाला चिकटलेला काकवा खरवडा, फिल्टर बदला. स्क्रूला हात लावू नका. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देता, त्याआधी एकदा बॅटरी घेऊन मशीनखोलीत उतरा आणि प्रत्येक जोडावर बोट फिरवा. बोटाला डिझेल लागलं तर बोट पाण्यात टाकू नका.

मेकॅनिक मित्रांनो, पंप वाढवायचे पैसे तुम्हाला मिळतात. पण त्या बोटीवर रात्री झोपणारी पोरं तुमच्याच गल्लीतली आहेत.