चांदीची पट्टी

परवा कपाट आवरताना पावत्यांचं एक जाडजूड बाड सापडलं. सगळ्या मेडिकलवाल्याच्या. बाबांच्या डाव्या घोट्यावर, आतल्या बाजूला, दीड वर्ष एक जखम होती, तेव्हाच्या. सवयीने सगळं एक्सेलमध्ये टाकलं. बेरीज इथे सांगत नाही, पण तेवढ्यात एक बरी मोटरसायकल आली असती. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे चांदीच्या ड्रेसिंगवर गेलेले. होय, चांदीच! जंतू मरावेत म्हणून पट्टीत घातलेली.

बाबा शाळेत शिक्षक. तेहतीस वर्षं फळ्यासमोर उभे. त्यांच्या पोटरीवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा आम्ही लहानपणापासून बघत होतो, पण त्यात काही बघण्यासारखं आहे असं कुणालाच वाटलं नाही. मग एकदा स्कूटरचा स्टँड लागून जरासं खरचटलं आणि ते भरेचना. दिवसाआड ड्रेसिंग. लस इतकी वाहायची की पायजमा ओला व्हायचा. वास यायचा. बाबांनी लग्नकार्यांना जाणंच सोडलं. कुणी विचारलं तर "गुडघा धरलाय" म्हणायचे.

तर मुद्दा असा, की अशा जखमेच्या बाबतीत आपण सगळेच (डॉक्टर, केमिस्ट आणि पेशंटचा नेटवर रात्रभर वाचणारा मुलगा) जखमेवर काय लावायचं यावरच डोकं खपवतो. पायाकडे कुणी बघत नाही.

पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. झडपा निकामी झाल्या की घोट्यापाशी दाब वाढतो, सूज येते, कातडी काळपट आणि कडक होते. मग साधं खरचटलेलंही भरत नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर मेमरी लीक सर्व्हरवर आहे आणि आपण स्क्रीनचा रंग बदलत बसलोय.

यावरचा उपाय म्हणजे बाहेरून दाब. घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर पारा, गुडघ्याकडे कमी होत जाणारा. यात नवीन काहीच नाही. हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झिंक ऑक्साइडची पेस्ट भरलेली पट्टी पायाला गुंडाळत होते. 'उना बूट' नावाने ती आजही मिळते.

आणि चांदी? ब्रिटनमध्ये अशा २१३ पेशंटवर झालेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. दाबाचं बँडेज सगळ्यांनाच. आतून मात्र काहींना चांदीची पट्टी, काहींना साधी. १२ आठवड्यांनी जखम भरली ५९.६ टक्के आणि ५६.७ टक्के लोकांची. हा फरक संख्याशास्त्रात बसत नाही, खर्चाचा मात्र बसतो! २०१४ साली ४५७ पेशंटवर चार थरांचं बँडेज आणि दाबाचे मोजे यांची तुलना झाली. दोन्हीकडे सुमारे ७० टक्के जखमा भरल्या. म्हणजे मोजे घातले तरी चालतं, पण दाब पाहिजे. आणि २०१८ च्या एका चाचणीत, बँडेजच्या जोडीला बिघडलेली शीर लवकर बंद केली तर जखम भरायला मध्यमान ५६ दिवस लागले, थांबलं तर ८२.

ड्रेसिंग निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. जखम उघडी ठेवून सुकवायची नसते, ओलसर झाकली तर कातडी लवकर येते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवर दाखवलं. आपल्या मुंबईत सायनला डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीचं पान वापरून पाहिलं, तेही न चिकटणारं आवरण म्हणूनच. जंतूंनी चिघळलेली जखम ही वेगळी गोष्ट. पण नेहमीच्या, दाबाच्या बँडेजखालच्या जखमेला साधी, न चिकटणारी पट्टी पुरते.

हे वाचून घरच्या घरी पाय आवळायला मात्र जाऊ नका. आधी घोट्याचं आणि दंडाचं ब्लड प्रेशर मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.८ च्या खाली असेल तर पायाला शुद्ध रक्तच कमी पोचतंय, आणि घट्ट बँडेजने पाय गमवायची वेळ येऊ शकते. डायबेटिस असेल तर हा आकडासुद्धा फसवतो.

ही मोजणी दहा-पंधरा मिनिटांची आहे. बाबांची दीड वर्षात एकदाही झाली नव्हती. माझा राग त्यावर आहे. ड्रेसिंगचा डबा काउंटरवरून विकता येतो. बँडेज बांधायला शिकलेला माणूस आणि त्याची वीस मिनिटं लागतात, आणि त्यांचे पैसे कुणी लावत नाही.

शेवटी एका मित्राच्या ओळखीने रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी मोजलं, मग बांधलं, आणि महिन्याभरात लेझरने ती शीर बंद केली. चार महिन्यांत जखम भरली. आता रोज मोजे. ते चढवताना पकड यावी म्हणून बाबा आईचे भांडी घासायचे रबरी हातमोजे पळवतात, त्यावरून रोज सकाळी वाद. मावसबहिणीच्या लग्नात मात्र पहिल्या पंगतीला बसले होते. गुडघ्याची चौकशी करणाऱ्या तिघांना म्हणाले, "एकदम सुटला हो!"