कच्चे कैदी, पक्की शिक्षा

सरकारला आता कुणाला दोषी ठरवायची गरजच उरलेली नाही. त्याला पुरावा लागतो, साक्षीदार लागतात, आणि एवढं करून माणूस निर्दोष सुटला तर सगळी मेहनत पाण्यात. त्यापेक्षा उचला, यूएपीए लावा, आणि तारीख द्या. मग पुढची तारीख. शिक्षा हीच.

मी हवेत बोलत नाही. स्टॅन स्वामी नावाचा म्हातारा पाद्री झारखंडात आदिवासींमध्ये राहिला. नक्षलवादी ठरवून तुरुंगात सडवलेल्या आदिवासी पोरांसाठी हायकोर्टात गेला. ८ ऑक्टोबर २०२० ला एनआयएनं त्यालाच रांचीतून उचलला, भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात. वय ८३. अंगात कंपवात, हातात पेला धरवेना. म्हणून त्यानं पाणी प्यायला नळी आणि नळीचा पेला मागितला. उत्तर द्यायला एनआयएनं २० दिवस घेतले, आणि २६ नोव्हेंबरला, म्हंजे संविधान दिनी, कोर्टात सांगितलं, आमच्याकडं ते नाही. ५ जुलै २०२१ ला जामिनाची सुनावणी होती. त्या दिवशी हायकोर्टाला कळवलं गेलं, म्हातारा गेला. कच्च्या कैद्यांसाठी भांडणारा माणूस कच्चा कैदी म्हणूनच मेला.

आता आपल्या माणसाचं घ्या. सुधीर ढवळे, 'विद्रोही'चा संपादक. २०११ च्या जानेवारीत वर्ध्यात उचलला, ४० महिने आत ठेवला, २०१४ त निर्दोष सुटला. ते ४० महिने कोण परत देणार? ६ जून २०१८ ला पुन्हा उचलला. २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टानं जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षं उलटली होती, आरोप निश्चित व्हायचे होते, आणि साक्षीदार ३०० च्या वर. दोन्ही खेपा मिळून जवळजवळ दहा वर्षं. शाबीत झालेला गुन्हा एकही नाही.

काही शहाणे म्हणतात, निर्दोष असाल तर घाबरता कशाला, कायदा आपलं काम करील. अरे बाबांनो, कायदा आपलंच काम करतोय! यूएपीएचं कलम ४३-ड(५) वाचा. आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन नाही. आणि तो खरा वाटावा म्हणून कागद रचतो कोण? पोलीस. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकेतल्या संस्थेनं २०२१ त सांगितलं, रोना विल्सनच्या लॅपटॉपमध्ये फायली बाहेरून घुसवल्या. एनआयएला ते मान्य नाही. ठीक आहे, मग खटल्यात तपासा! पण खटला चालला तर ना.

टाडा १९९५ ला संपला, पोटा २००४ ला रद्द झाला. भूत तेच, फक्त झाड बदललं. बाबासाहेबांनी ३२ व्या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटलं. हक्क तुडवला तर थेट सुप्रीम कोर्टाचं दार ठोठवा. ते दार आजही आहे, पण उंबऱ्यावर ४३-ड आडवा पडलाय.

मी वस्तीत राहतो. पोरं सभा घ्यायचं म्हणाली की आया म्हणतात, "नको रे, आत टाकतील." सरकारला नेमकं हेच पाहिजे. गावकी काय करायची? एकाला चावडीवर झोडपायची, सगळा महारवाडा गप बसायचा. चावडीची जागा आता स्पेशल कोर्टानं घेतलीय, काठीची जागा तारखेनं.

आमचं म्हणणं सरळ आहे. खटला चालवा, नाहीतर सोडा. आरोपपत्रानंतर वर्षभरात खटला उभा राहिला नाही, तर जामीन हा हक्क झाला पाहिजे, मेहेरबानी नव्हे. निर्दोष सुटलेल्याला आतल्या प्रत्येक दिवसाची भरपाई द्या, आणि ती खोटी केस करणाऱ्याच्या पगारातून कापा.

आणि आपण? नुसते जयंतीला झेंडे नाचवू नका. आपल्या माणसाची तारीख असेल तेव्हा कोर्टात जा, मागच्या बाकावर बसा. त्याच्या घरी जा, चूल पेटते का बघा. कोर्टात माणूस एकटा दिसला की सरकारचं अर्धं काम होतं. त्याला एकटा दिसू देऊ नका.