भरतीरेषा आणि स्थगिती

मेहकर तालुक्यातल्या जानेफळात बसून समुद्राची चर्चा करणे म्हणजे अंमळ आगाऊपणाच. पण ई-क्लास जमिनीवर पत्रे टाकून राहणाऱ्याला नोटीस आली की तो वकील कुठून आणणार? कुलाब्याच्या ३१ मजली ‘आदर्श’ला वकिलांची ददात नव्हती.

१९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध आले. त्यानुसारची परवानगी नाही म्हणून जानेवारी २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ‘आदर्श’ पाडण्याचा आदेश दिला. सोसायटी उच्च न्यायालयात गेली. २९ एप्रिल २०१६ रोजी तिथेही निकाल पाडण्याचाच लागला. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने पाडकाम थांबवून इमारत केंद्राला ताब्यात घ्यायला सांगितले. गंमत अशी, की गायरानावरची अतिक्रमणे काढण्यास सर्व राज्यांना बजावणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही जानेवारी २०११ चाच!

दाद मागू नये, असे कोण म्हणेल? फसून घर घेणाऱ्याला तर न्यायालयाखेरीज वालीच नाही. पण पाच-पाच वर्षे लोंबकळणारा खटला ज्याच्या गाठीला पैसा त्यालाच परवडतो. केरळात मराडूचा आदेश मे २०१९ मध्ये निघाला, जानेवारी २०२० मध्ये चार संकुले स्फोटांनी पाडलीसुद्धा. फ्लॅटधारकांना २५ लाखांची अंतरिम भरपाई सरकारने द्यावी आणि ती बिल्डरांकडून वसूल करावी, असे न्यायालयाने ठरवले. मला हा मार्ग अधिक सरळ वाटतो, घरे गेली त्यांचे दुःख मान्य करूनही.

‘आदर्श’च्या २०१६ च्या निकालात संबंधित मंत्री-अधिकाऱ्यांवर कारवाईचा विचार करा, असेही म्हटले होते. चर्चा मात्र इमारत पडणार की राहणार, एवढ्याचीच झाली.