क्रीम की बदामी?

मैत्रिणींनो, घर रंगवायला काढलं की बहुतेकींची गाडी याच दोन रंगांवर येऊन थांबते. शेड कार्डावर दोन्ही शेजारी शेजारी, जवळजवळ सारखेच. मी तर पाच मिनिटांत बदामी ठरवला. मुलांच्या हातांचे डाग कमी दिसतात, घर भारदस्त वाटतं. रंगारी म्हणाला, "ताई, सगळीकडे एकच लावा, रंग वाया जात नाही." लावला.

दिवाळीनंतर एके दिवशी सकाळी दहा वाजता सासूबाई दिवा लावून स्वाध्यायाला बसलेल्या दिसल्या. "डोळे गेले वाटतं आता," म्हणाल्या. चष्मा तपासून आणला, तर नंबर तोच. त्यांची खोली उत्तरेची. डोळे नव्हते गेले, मीच भिंती अंधाऱ्या करून ठेवल्या होत्या. आणि दोन महिने त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, याचंच मला जास्त लागलं.

भिंत किती उजेड परत फेकते याचा आकडा असतो, 0 ते 100. एलआरव्ही म्हणतात त्याला. दुकानात मागितला तर मिळतो. क्रीमच्या फिक्या छटा बहुधा 75 च्या वर, बदामी बरीच खाली. त्यात उत्तरेचा उजेड निळसर, त्यात बदामी मळकट दिसतो. पश्चिमेच्या हॉलमध्ये मात्र उलट: तिथे संध्याकाळच्या उन्हात क्रीम हळद फासल्यासारखा होतो आणि बदामी शोभतो. म्हणून माझं स्पष्ट मत, साऱ्या घराला एकच रंग हा रंगाऱ्याच्या सोयीचा सल्ला आहे, आपल्या नव्हे.

स्वयंपाकघराला तर क्रीमच. आपलं जेवण सूर्यास्ताआधी. थंडीत सहाच्या सुमारास दिवस मावळतो, तेव्हा शेवटचा उजेड जितका टिकेल तितका हवा. शिवाय फिक्या भिंतीवर मुंगी, कोळी चटकन दिसतो आणि पुसायचं फडकं वेळीच थांबतं. डाग दिसतात म्हणता? दिसू देत, पुसू.

खाली कोटा फरशी असेल तर गुलाबीकडे झुकणारा बदामी टाळा, हिरवट फरशीशी त्याचं पटत नाही. आणि कार्डावर भरवसा नकोच. छोटा डबा आणून दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा, वाळू द्या, सकाळी, संध्याकाळी आणि घरातल्याच दिव्याखाली बघा.

सासूबाईंची खोली आम्ही परत रंगवली, क्रीम. बदामी झाकायला दोनाऐवजी तीन हात लागले, रंगारी कुरकुरला. आता चारपर्यंत तिथे दिवा लागत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "उरलेला रंग देवघराला पुरेल का गं?"