‘एका महिन्यात १० किलो’ : हा हिशेब जुळतच नाही

भोसरी, मोशी, चाकण, तळेगाव. ‘३० दिवसांत १० किलो कमी, गॅरंटी!’ अशी जाहिरात तुम्ही कुठेतरी खांबावर, रिक्षाच्या मागे किंवा व्हॉट्सअॅपवर पाहिली असेलच. अशा जाहिरातींना माझा विरोध आहे. का, ते साध्या हिशेबाने सांगतो.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. १० किलो म्हणजे ७७,०००. त्या ३० दिवसांत संपवायच्या तर रोज सुमारे २,५०० कॅलरींची तूट हवी. बैठे काम करणाऱ्या बऱ्याच जणांचा दिवसाचा खर्चही तेवढा नसतो! म्हणजे महिनाभर नुसत्या पाण्यावर राहिलात तरी १० किलो चरबी जाणार नाही.

मग काट्यावर कमी होते ते काय? सुरुवातीला मुख्यतः पाणी. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. उपासमारीत हा साठा आधी संपतो. नंतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू घटले की शरीराचा रोजचा खर्च घटतो. नेहमीचे जेवण सुरू झाले की पाणी लगेच परत येते आणि चरबी पूर्वीपेक्षा सहज साठते. तोपर्यंत पावडरचे डबे विकणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. वर तुम्हालाच ऐकवतो, ‘तुमच्यात इच्छाशक्ती नाही.’

काही वर्षांपूर्वी घराघरांत वाद रंगला होता : डॉ. जिचकारांचा विचार पुढे नेणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांप्रमाणे दिवसातून दोनदाच जेवायचे, की ऋजुता दिवेकर म्हणतात तसे थोड्या थोड्या वेळाने खायचे? दोन्हीकडे घेण्यासारखे आहे. एकीकडे अधूनमधून चरणे बंद होते, दुसरीकडे घरच्या, स्थानिक अन्नाचा आग्रह आहे. पण ज्याची शिफ्ट सतत बदलते, त्याने आधी एवढेच पाहावे : ही पद्धत मला नाइट शिफ्टमध्ये जमेल का? दोन वर्षे जमेल का? जमणार नसेल तर ती तुमच्यासाठी नाही.

इथे एक धोक्याची सूचना. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना मनानेच जेवण बंद केले तर रक्तातील साखर अचानक घसरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोके चालत नाही. हे प्रेस मशीनपुढे किंवा पहाटे नाशिक हायवेवर बाइक चालवताना झाले तर? म्हणून आधी डॉक्टरांशी बोला.

नुसत्या वजनकाट्यावरही विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसलो तरी पोटात चरबी बाळगतो. म्हणून टेप घ्या. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

मग करायचे काय? दोन चमचे साखरेचे सहा चहा म्हणजे सुमारे २४० कॅलरी नुसत्या साखरेच्या. शिफ्ट सुटल्यावरचा एक वडापाव साधारण ३०० चा. एवढे दोन्ही थांबवले तर सुरुवातीला आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरू शकते. पुढे वेग मंदावतो. ते नैसर्गिक आहे. ताटात भात कमी करून उसळ, डाळ किंवा अंडी वाढवा. नाइटला जाण्यापूर्वी नीट जेवा, मध्यरात्री मूठभर फुटाणे पुरेत. सकाळी घरी येऊन मिसळ चापून झोपू नका. आठवड्यातून १५० मिनिटे भरभर चाला आणि झेपतील तेवढ्या जोर-बैठका काढा, म्हणजे स्नायू टिकतील. दिवसा झोपावे लागले तरी खोलीत अंधार करून सात तास झोपा.

अमेरिकेतील २००२ च्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना ७ टक्के वजन घटवण्याचे आणि एवढाच व्यायाम करण्याचे लक्ष्य दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो!

नवी इंजेक्शने काही रुग्णांना खरेच उपयोगी आहेत, पण तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे अभ्यासात दिसले आहे. सवयी बदलण्याला तिथेही पर्याय नाही.

शेवटी कंपन्यांनाही एक सांगणे आहे. वार्षिक तपासणीच्या कागदावर ‘वजन कमी करा’ लिहिणे सोपे आहे. कँटीनमध्ये उसळ, कोशिंबीर आणि बिनसाखरेचा चहा ठेवा. कामगाराला सलग पाळ्या करायला लावू नका. आणि वाचकहो, पुढच्या वेळी कोणी ‘महिन्यात १० किलो’ म्हणाले, तर त्याला विचारा : तुमच्या किती गिऱ्हाइकांचे वजन दोन वर्षांनीही कमीच राहिले?